ओरखड्याची धास्ती

ऑगस्ट 2025 मध्ये चंदीगडच्या लिलावात ‘सीएच 01 डीए 0001’ हा नंबर 36 लाख 43 हजार रुपयांना गेला आणि शहरातला विक्रम ठरला. त्याआधी 2022 साली तिथल्याच एका गृहस्थाने 0001 साठी 15 लाख 44 हजार मोजले होते. तेव्हा तो नंबर लावायला त्यांच्याकडे सत्तर हजारांच्या आसपासची स्कूटर होती. पुढेमागे गाडी घेतली की तिला लावू, असा बेत. यावर पुण्या-मुंबईच्या वाचकाने फार हसू नये. महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये मोठ्या शहरांतल्या चारचाकीसाठी 0001 चे शुल्क चार लाखांवरून सहा लाखांवर नेले, ते गिऱ्हाईक आहे म्हणूनच.

नंबरावर एवढा जीव असलेले शहर गाडीला किती जपत असेल! जपतेच. शोरूममधून निघालेली गाडी आधी देवळात जाते आणि तिथून थेट कोटिंगच्या दुकानात. तरीही चंदीगडकडे पाहताना एक गोष्ट खटकते आणि ती महाराष्ट्रातही तितकीच लागू आहे. नव्या गाडीच्या रक्षणाचा बहुतेक पैसा रंगावर आणि दिखाव्यावर जातो. पाणी, पार्किंग आणि आत बसलेली माणसे यांच्या वाट्याला उरलेसुरले येते.

हे शहर मुळात मोटारीवर भाळलेल्या माणसाने आखले. ल कॉर्बुझिएने 1925 साली पॅरिससाठी केलेल्या ‘प्लॅन व्हॉयझँ’ला नाव होते ते एका मोटार कारखानदाराचे. चंदीगडात त्याने रस्त्यांचे सात प्रकार पाडले, सेक्टर 800 बाय 1200 मीटरचे आखले आणि वेगाने जाणारी वाहने सेक्टरच्या बाहेरून फिरवली. गाडी धावणार कशी, याचे उत्तर चोख निघाले. ती उभी कुठे राहणार, हे मात्र राहून गेले. आज तिथे नोंदलेली वाहने माणसांपेक्षा जास्त आहेत. संध्याकाळी कोणत्याही सेक्टरच्या आतल्या गल्लीत शिरा, दोन्ही बाजूंनी गाड्या आणि मधून जेमतेम एक वाट. बहुतेक ओरखडे तिथेच पडतात, गाडी बंद आणि मालक घरात असताना.

भांडणेही तिथेच होतात. मार्च 2025 मध्ये शेजारच्या मोहालीत दुचाकी लावण्यावरून झालेल्या झटापटीनंतर एका तरुण शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. दोन महिन्यांनी महाराष्ट्राचे परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी पार्किंगच्या जागेचा पुरावा नसेल तर नव्या गाडीची नोंदणी होणार नाही, असे जाहीर केले तेव्हा मध्यमवर्गात मोठी कुरकुर झाली. आमच्या पैशाने गाडी घेतो, सरकारचे काय जाते? जाते ते शेजाऱ्याचे, आणि रात्री रुग्णवाहिका आली तर आजाऱ्याचे. अट योग्यच आहे. चंदीगडने ती कधीच घालायला हवी होती. पंधरा लाखांची गाडी घेणाऱ्याने ती रात्री कुठे उभी राहणार हे आधी ठरवणे ही काही जाचक अपेक्षा नव्हे.

सावलीत जागा मिळाली तरी सुटका नाही. चंदीगडची झाडी महिंदरसिंग रंधावा यांच्या देखरेखीखाली वाढली आणि कित्येक रस्त्यांच्या कडेला जांभळाची व आंब्याची झाडे आहेत. जून संपता संपता जांभळे पिकतात आणि खाली उभ्या असलेल्या पांढऱ्या गाड्यांची रया जाते. जांभळापेक्षा वाईट त्यावर ताव मारायला येणारे पक्षी. त्यांच्या विष्ठेतले यूरिक आम्ल चाळीस अंशांच्या उन्हात रंगावरच्या पारदर्शक थराला खाते आणि तो डाग मग पॉलिशनेही जात नाही. उपाय फुकटातला आहे: दिसल्याबरोबर ओल्या मऊ फडक्याने भिजवून उचलून घ्यायचे, कोरडे घासायचे नाही.

पण फुकटातल्या उपायाला रुबाब नसतो. म्हणून अंगभर पीपीएफ. हा थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनचा पारदर्शक पापुद्रा. बारीक खडे आणि किरकोळ घासणे तो खरोखर सोसतो, पण सगळ्या गाडीला लावायचा तर खर्च लाखाच्या घरात जातो. सिरॅमिक कोटिंग त्याहून स्वस्त. त्याने पाणी थेंबाथेंबाने ओघळते आणि धुणे सोपे होते. किल्लीचा ओरखडा मात्र ते अडवत नाही, विक्रेता काहीही सांगो. हायवेवर रोज जाणाऱ्याने बोनेट आणि पुढच्या बंपरपुरती फिल्म लावली तर समजण्यासारखे आहे. आठ लाखांच्या गाडीला लाखाचे कवच घालणे ही हौस झाली. हौस करावी, फक्त तिला गुंतवणूक म्हणू नये.

एवढ्या खर्चानंतर त्याच गाडीला भल्या पहाटे एक माणूस एका बादलीत, एकाच फडक्याने पुसतो. त्याआधी त्या फडक्याने आणखी नऊ गाड्या पुसलेल्या असतात. उन्हात गाडीवर दिसणारी कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळे या फडक्यातल्या मातीची. दोष त्या माणसाचा नाही, महिन्याला चारपाचशे रुपयांत तो आणखी काय करणार? त्याला आपल्या गाडीसाठी वेगळी दोन मायक्रोफायबर फडकी दिली तर काम भागते. पाइपने धुण्याचा मोह चंदीगडात महाग पडतो: उन्हाळ्यात, 15 एप्रिलपासून जूनअखेरपर्यंत, नळाच्या पाइपने गाडी धुताना सापडल्यास महापालिका पाच हजारांहून जास्त दंड करते. दोन बादल्यांत गाडी उत्तम धुतली जाते.

पाण्याचा खरा धोका वेगळाच आहे. जुलै 2023 मधल्या एका शनिवार-रविवारी चंदीगडात चोवीस तासांत 302 मिलिमीटर पाऊस पडला. सुखना तलावाचे दरवाजे उघडावे लागले, सखल भागांत गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर झेललेल्या मुंबईकराला पुढची गोष्ट पाठ असायला हवी, पण ती दर पावसाळ्यात नव्याने घडते. पाण्यात बंद पडलेली गाडी मालक पुन्हा सुरू करायला जातो. पाणी सिलिंडरमध्ये शिरलेले असते, ते हवेसारखे दाबले जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत पुराने झालेले नुकसान येते. पाण्यात स्टार्टर मारून घालवलेले इंजिन मात्र विमा कंपन्या परिणामी नुकसान म्हणून नाकारतात. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे वेगळे जोडकलम घ्यावे लागते. पीपीएफच्या खर्चाच्या मानाने त्याचा हप्ता किरकोळ. ते नसेल तर किल्लीला हात लावायचा नाही, टोइंगवाल्याला बोलवायचे.

पॉलिसी वाचणारा गिऱ्हाईक डीलरला क्वचित भेटतो. त्यातले दोन आकडे तरी लक्षात ठेवण्यासारखे आहेत. झीरो डेप्रिसिएशनचे जोडकलम घेतले नसेल, तर दाव्यात प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांचे पैसे निम्मेच मिळतात, आणि आजच्या गाडीचा बंपर प्लॅस्टिकचाच असतो. गाडी चोरीला गेली तर मिळते ती विमा घोषित किंमत, आणि ती सहा महिन्यांनंतर पंधरा टक्के घटलेली असते. रस्ता कर आणि नोंदणीचा खर्च तिच्यात नसतोच. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा 2018 पासून सक्तीचा आहे, पण तो डीलरच्याच टेबलावर घ्यावा अशी सक्ती कुठेही नाही.

आता सजावट. चंदीगडचे वाहतूक पोलीस कडक म्हणून प्रसिद्ध आहेत. पंजाबातून येणारा चालक शहराची हद्द लागली की पट्टा ओढतो, असे तिथे गमतीने सांगतात. काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये बंदी घातली. जानेवारी 2020 मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने गाडीवर ‘प्रेस’, ‘आर्मी’, ‘पोलीस’ अशी पदे मिरवायला चंदीगडमध्ये मनाई केली. पुढे लावतात ती लोखंडी बुलबार डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने बेकायदा ठरवली, आणि इथे कारण दिखाव्याचे नव्हते. बुलबार धडकेचा जोर वेगळ्या वाटेने चासीकडे नेते, एअरबॅगच्या सेन्सरची गणिते चुकवते आणि पादचाऱ्याला जास्त जबर मारते. गाडी वाचवायला लावलेली वस्तू आतल्या माणसाच्या मुळावर येते ती अशी.

सीट कव्हरचेही तेच. बाजूच्या एअरबॅग अनेक गाड्यांत सीटच्या कडेत असतात, आणि बाजारातले जाड लेदरेट ती कड शिवून बंद करते. आपल्याकडे याला आणखी एक भर आहे, ती सांगताना जरा जपून बोलावे लागते: डॅशबोर्डवर डाव्या बाजूला दोन बाजूंच्या टेपने चिकटवलेला गणपती. त्याच्या खालीच एअरबॅगचे झाकण असते आणि ते सेकंदाच्या काही शतांशांत उघडते. मूर्ती मध्यभागी, झाकणापासून दूर ठेवली तर देवही सुखरूप, बसणाराही.

मागे बसणाऱ्यांचा पट्टा तर अजून कोणाच्या खिजगणतीत नाही. 4 सप्टेंबर 2022 ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मर्सिडीज कठड्यावर आदळली. मागे बसलेले ते आणि त्यांचे सहप्रवासी दगावले, दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. पुढचे दोघे जखमी झाले पण वाचले. त्यानंतर मागच्या पट्ट्याची चर्चा देशभर महिनाभर चालली. आज बहुतेक नव्या गाड्यांत मागच्या पट्ट्याचे बकल कव्हरखाली गडप झालेले सापडते.

आणि गाडीचा आनंद? चंदीगडच्या तरुणांकडे त्याची जुनी रीत आहे. सेक्टर 10-11 च्या भागात संध्याकाळी निव्वळ फेऱ्या मारायच्या, तिला ते गेडी म्हणतात. पोलीस वैतागतात, पेट्रोल जळते, पण सीटवरचे प्लॅस्टिक सहा महिने न काढणाऱ्यांपेक्षा ते बरे. ते प्लॅस्टिक घाम धरते, दमट हवेत आत बुरशी आणते आणि सीटच्या एअरबॅगलाही आडवे येते. डिलिव्हरीच्याच दिवशी फाडावे.

खरा आनंद हिमाचलातल्या परवाणूच्या पुढे आहे. शहरापासून साधारण साठ किलोमीटरवर सुमारे 1800 मीटर उंचीचे कसौली. पहिल्या हजार किलोमीटरांत बहुतेक उत्पादक सांगतात ते एवढेच: इंजिन ओढून ताणू नका, एकाच वेगावर तासन्तास चालवू नका, एकदम ब्रेक मारू नका. वळणाच्या घाटात मन लावून, खालच्या गिअरात चालवली तर हे सगळे आपोआप पाळले जाते. उतरतानाही तोच गिअर, म्हणजे ब्रेक तापत नाहीत. फक्त पावसाळ्यात रस्त्याची बातमी पाहून निघावे. ऑगस्ट 2023 मध्ये परवाणूजवळ चक्की मोडला रस्ताच खचला आणि वाहतूक कित्येक दिवस बंद राहिली.

पहिला ओरखडा वर्षाच्या आत येतोच. तेव्हा घाईने दावा करू नये. एकही दावा न केलेल्या पहिल्या वर्षानंतर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात वीस टक्के सूट मिळते आणि ती वाढत पाच वर्षांनी पन्नास टक्क्यांवर जाते. तीनचार हजारांच्या रंगकामासाठी ती घालवणे तोट्याचे. बंपर लगेच रंगवावा की दुसरा ओरखडा येईपर्यंत थांबावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. सेक्टर 22 च्या बाजारात गाडी लावणाऱ्याला फार थांबावे लागत नाही.