मुक्या वाटसरूंचा मार्ग

रात्रीं मोटारीच्या प्रखर दिव्यांनीं हरिणाचे डोळे दिपतात. तें जागच्या जागीं खिळून उभें राहतें आणि प्राणास मुकतें. लोक म्हणतात, जनावर आडवें आलें. परंतु अरण्यांतील त्याची वाट आपल्या सडकेहून जुनी आहे. आडवें कोण आलें, हें न्यायबुद्धीनें ठरवावें.

अशा न्यायाचें एक उदाहरण पेंचच्या अरण्यांत दिसतें. नागपूर-शिवनी महामार्ग रुंद करतांना महाराष्ट्राच्या हद्दींत सडक खांबांवर उचलून तिच्याखालीं ९ मोकळ्या वाटा ठेविल्या. त्यांतील सर्वांत मोठीची रुंदी ७५० मीटर आहे. पशु त्या वाटा पत्करतील काय, अशी शंका होती. २०१९ सालीं तेथें लाविलेल्या कॅमेऱ्यांनीं वाघासह १८ जातींच्या प्राण्यांची ये-जा टिपली.

पशूंसाठीं इतका खर्च कां, असें कित्येक विचारतात. धडकेंत मोटारींतील माणसेंही दगावतात, हें एक उत्तर. दुसरें असें कीं, नोहाच्या तारवांत केवळ त्याच्या कुटुंबासच जागा नव्हती.

जेथें अशा वाटा नाहींत, तेथें आपणच वेग आवरला पाहिजे. विद्यार्थ्यांनो, रात्रीं रानांतून जातांना मोटार हांकणाऱ्या वडिलांस "जरा सावकाश" इतकें विनयानें सांगा. तेवढ्यानें एखादें पाडस आपल्या आईमागून सुखरूप पार होईल.