शब्दसंगती : पुराव्याचे वजन

आपल्या घरांतील मुलेमुली आता दुकानाच्या गादीपलीकडे, इंग्रजी प्रबंधलेखनापर्यंत पोहोचली आहेत. नात्यातील अशाच एका मुलीने आपला प्रबंध मला वाचावयास दिला. बारा दुकानांची पाहणी करून तिने ग्राहकांच्या सवयींविषयी निष्कर्ष काढला होता. ‘मेनी एव्हिडन्सेस प्रूव्ह’ या शब्दांखाली मार्गदर्शकांनी तांबडी रेघ ओढली होती. मुलगी हिरमुसली होती. विषय तिला उत्तम येत होता. चुकली होती ती शब्दांची सोबत.

प्रत्येक भाषेत शब्दांच्या सोयरिकी ठरलेल्या असतात. मराठीत पुरावे अनेक असू शकतात. इंग्रजीतील ‘एव्हिडन्स’ मात्र सहसा अनेकवचनात येत नाही. एखादाच पुरावा सांगावयाचा असेल, तर ‘अ पीस ऑफ एव्हिडन्स’ म्हणावे. ‘पुरावा देणे’ याचे शब्दशः ‘गिव्ह एव्हिडन्स’ केले, तर न्यायालयात साक्ष देण्याचा अर्थ डोकावतो. संशोधक पुरावा ‘गॅदर’ करतो आणि त्याचा अभ्यास तो ‘प्रोव्हाइड’ करतो.

विशेषणांतही पायऱ्या आहेत. तुटपुंजा पुरावा ‘लिमिटेड’, भक्कम तो ‘स्ट्राँग’ आणि निर्णायक तो ‘कन्क्लूझिव्ह’. चार जणांच्या सांगण्यावर आधारलेला तो ‘अ‍ॅनेक्डोटल’. क्रियापदांचेही तसेच. ‘सजेस्ट्स’ म्हणजे सुचवितो, ‘शोज’ म्हणजे दाखवितो. ‘प्रूव्ह्ज’, म्हणजे सिद्ध करतो, हे मात्र फार जपून वापरावे.

हा संयम थोरांनीही पाळला आहे. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी धूम्रपान व फुप्फुसांचा कर्करोग यांच्या संबंधावर १९५० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निबंध लिहिला, तेव्हा शीर्षकातच त्याला प्राथमिक अहवाल म्हटले. पुढे १९५१ पासून त्यांनी हजारो ब्रिटिश डॉक्टरांच्या सवयींचा व आरोग्याचा मागोवा घेतला. इतरांचेही अभ्यास येत गेले. अशा वाढत्या संचयालाच इंग्रजीत ‘ग्रोइंग बॉडी ऑफ एव्हिडन्स’ म्हणतात. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने पुरुषांतील या कर्करोगाचे कारण म्हणून धूम्रपानावर बोट ठेवले, ते १९६४ साली.

व्यापारी माणसाला ही शिस्त नवी नाही. कच्च्या चिठ्ठीच्या आधारावर आपण पक्क्या वहीत रक्कम मांडीत नाही. बारा दुकानांवरून साऱ्या बाजाराचा निर्णय देणे हेही तसेच. मुलीला हे पटले. तिने लिहिले, ‘द अव्हेलेबल एव्हिडन्स सजेस्ट्स’. निष्कर्ष आटोपशीर झाला. पण आता तो कोणी खोडू शकणार नव्हता.

मुलांना एवढेच सुचवावे : वहीत सुटा शब्द टिपू नका, त्याची जोडी टिपा. आणि वाक्य लिहिण्यापूर्वी, हाती असलेला पुरावा किती वजनाचा आहे, हे स्वतःला विचारा.