डायलिसिसची यंत्रे आली, अनुभवी परिचारिकांचे काय?

केंद्र सरकारने 2016-17च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. जिल्हा रुग्णालयांत गरीब रुग्णांना मोफत डायलिसिस मिळू लागले. यंत्रे किती बसवली, याचा हिशेब ठेवला जातो. ती सांभाळणाऱ्या परिचारिकांचा अनुभव मात्र सहसा मोजला जात नाही.

एका डायलिसिसला साधारण चार तास लागतात. तेवढा वेळ रुग्णाचे रक्त शरीराबाहेर फिरत असते. रक्तदाब एकदम घसरू शकतो, पायांत गोळे येतात, नळीत रक्त गोठते. घाम फुटलेला, जांभया देणारा रुग्ण पाहून वेळीच सावध होणे सरावानेच जमते. फिस्टुलात सुई टोचण्याचेही तसेच. पुन्हा पुन्हा एकाच जागी टोचले तर तिथली शीर फुगते. फिस्टुला बंद पडला, तर पुढचे उपचारच अडतात.

आठवड्यातून दोन-तीनदा, वर्षानुवर्षे येणारा रुग्ण पाणी किती पितो, डायलिसिस का चुकवतो, हे बहुधा परिचारिकेलाच आधी कळते. पण अनेक ठिकाणी तिचा हात बसतो न बसतो तोच बदली होते किंवा कंत्राट संपते. नवी परिचारिका पुन्हा पहिल्यापासून शिकते आणि त्याची झळ रुग्णाला बसते.

म्हणून प्रशिक्षित परिचारिकेला या विभागात काही वर्षे स्थिर नेमणूक हवी. विशेष कौशल्याची दखल वेतनात आणि बढतीत घ्यायला हवी. रक्ताशी रोजचा संबंध असल्याने हिपॅटायटिस-बीची लस प्रत्येकीला मिळाली आहे ना, हेही पाहायला हवे.