सदोष तपास आणि न्यायालये : गागोदे खुर्दचे उदाहरण

पेण तालुक्यातील गागोदे हे आचार्य विनोबा भावे यांचे जन्मगाव. ऑगस्ट २०१५ मध्ये मात्र गागोदे खुर्दचे नाव निराळ्याच कारणाने देशभरातील वृत्तपत्रांत झळकले. २३ मे २०१२ रोजी तेथील रानात एका जळालेल्या मानवी देहाचे अवशेष सापडले होते. पेण पोलीस आले, त्यांनी काही अवशेष तपासणीसाठी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाकडे पाठविले आणि प्रकरण तेथेच थांबले. खुनाचा गुन्हा तर नाहीच, साधी अकस्मात मृत्यूची नोंदही झाली नाही. तीन वर्षांनंतर शीना बोरा हिच्या खुनाच्या आरोपावरून मुंबईत इंद्राणी मुखर्जी यांना अटक झाली, तेव्हा ती जागा पुन्हा खणावी लागली.

आरोपी दोषी की निर्दोष, हा येथे विषय नाही. तो न्यायालयाने ठरवावयाचा आहे. प्रश्न आहे तो त्या न झालेल्या नोंदीचा. २०१२ मध्ये मिळालेले अवशेष आणि २०१५ मध्ये उकरून काढलेले अवशेष यांच्यातील दुवा सिद्ध करण्याचे ओझे त्यामुळे सरकार पक्षावर येऊन पडले. त्यात भर म्हणजे, २०१२ चे अवशेष सापडत नसल्याचे २०२४ मध्ये विशेष न्यायालयाला सांगण्यात आले. पुढे ते सीबीआयच्याच दिल्ली कार्यालयात मिळाले! फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा खटला एका वर्षात पूर्ण करण्यास सांगितले.

तपासात त्रुटी राहिली म्हणजे आरोपी आपोआप सुटतो, असा सार्वत्रिक समज आहे. तो बरोबर नाही. कर्नेल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले, की केवळ तपास सदोष आहे एवढ्यावरून आरोपीस सोडणे म्हणजे तपास अधिकाऱ्याच्याच हाती निकाल देणे होय. अशा वेळी न्यायालयाने उरलेला पुरावा अधिक बारकाईने पारखावा आणि तो विश्वासार्ह असल्यास शिक्षा द्यावी. तत्त्व रास्त आहे. परंतु त्याचा उपयोग मुळात काही पुरावा उरला असेल तरच. विश्वासू साक्षीदार असेल, तर पंचनाम्यातील चूक झाकली जाते. साक्षीदारच नसेल, तर अवशेष, त्यांवरील मोहोर आणि मुद्देमालाची नोंदवही हाच खटला असतो.

सदोष तपासाची दुसरी बाजू अधिक भयंकर आहे. २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात एका कुटुंबातील पाच जणांची हत्या झाली. भटक्या जमातीच्या सहा जणांना फाशीची शिक्षा झाली आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती सहाही जणांसाठी कायम केली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सर्वांना निर्दोष ठरविले. प्रत्यक्षदर्शी महिलेने पोलिसांकडील छायाचित्रांतून चार निराळ्याच व्यक्ती ओळखल्या होत्या. त्यांचा तपासच झाला नव्हता. सुमारे सोळा वर्षांच्या तुरुंगवासानंतर प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई ठरली. खरे गुन्हेगार कोण, हे कळायचे राहूनच गेले.

चुकणाऱ्या अधिकाऱ्याचे काय? गुजरात राज्य विरुद्ध किशनभाई या खटल्यात जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना आदेश दिला, की प्रत्येक निर्दोष सुटकेची कारणे तपासून दोषी अधिकाऱ्यांची जबाबदारी निश्चित करावी व खातेनिहाय कारवाई करावी. हे काम त्याच यंत्रणेकडे सोपविले आहे, ही त्यातील उणीव आम्हांस वाटते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत झडती व जप्तीचे चित्रीकरण आवश्यक झाले आहे. तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत पीडिताला कळविण्याचीही तरतूद आहे. मात्र अनोळखी मृतदेहाच्या बाबतीत हे कळवायचे कोणाला? पेण-रोह्याच्या रानात असे अवशेष सापडले, तर अकस्मात मृत्यूच्या नोंदीचा क्रमांक पोलीस ठाण्यातून मागून घेण्याचे काम पोलीस पाटील आणि ग्रामस्थांनाच करावे लागेल.