हातासरशी

शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात अभ्यासाचे वेळापत्रक आखले नाही, असा विद्यार्थी विरळाच. पहाटे पाचला उठणे, अर्धा तास व्यायाम, सहा ते सात गणित, असे ते तांबड्या-निळ्या पेन्सिलींनी सजवलेले कोष्टक भिंतीवर लागते. ते आखण्यात सबंध रविवार जातो आणि त्या दिवशीचे गणित तेवढे राहून जाते. सोमवारी जाग येते ती सहाला. पाचची वेळ हुकली, म्हणजे पुढचे सारेच चुकले असे ठरते आणि नवा आरंभ येत्या सोमवारवर ढकलला जातो.

अशा मुलाला वडील माणसे आळशी म्हणतात. मला हे पटत नाही. आळशी मनुष्य वेळापत्रक आखण्याच्या भानगडीतच पडत नाही. चालढकल करणारा मनुष्य पुष्कळदा मोठा उद्योगी असतो. तो टेबल आवरतो, पुस्तकांना कव्हरे घालतो, पेन्सिलींना टोके काढतो. जे करावयाचे तेवढे सोडून बाकी सर्व करतो. त्याला कामाचा कंटाळा नसतो, धास्ती असते. ते काम त्याने मनात इतके मोठे आणि इतके देखणे करून ठेवलेले असते की, हात लावला तर ते आपल्याकडून बिघडेल, असे त्याला वाटते. आळसापेक्षा भव्य संकल्पानेच अधिक कामांचा घात होतो, असे माझे मत आहे. आणि हे मत मी कोणत्याही पुस्तकातून घेतलेले नाही.

माझ्या आजीला जात्यावरच्या ओव्या पाठ होत्या. किती, हे तिलाही ठाऊक नव्हते. गावात गिरणी येऊन कित्येक वर्षे लोटली होती, तरी डाळ भरडण्याच्या निमित्ताने ती जात्याशी बसे आणि खुंट्याला हात लागला की ओव्या येऊ लागत. काही माहेरच्या, काही भावाच्या, काही विठोबाच्या. आणि काही अशा की, त्या म्हणताना तिचा आवाज आपोआप खाली जाई. “लिहून घे रे बाबा, माझ्यामागे कोण म्हणणार?” असे ती म्हणे. मीही होकार देई. त्यासाठी जाड पुठ्ठ्याची एक वही मी मुद्दाम विकत आणली. ओव्यांची विषयवार मांडणी कशी करावी, कठीण शब्दांचे अर्थ कोठे द्यावेत, प्रस्तावनेत काय लिहावे, हे सर्व मनाशी ठरले होते. एवढे मोठे काम घाईघाईने कसे करावयाचे? उन्हाळ्याच्या सुटीत निवांत बसू, असे मी म्हणत राहिलो. अशा दोन सुट्या गेल्या. तिसरी सुटी लागण्याच्या आधीच, माघ महिन्यात, आजी गेली. प्रस्तावना मला अजून पाठ आहे, ओव्या नाहीत.

रोज एक ओवी लिहिली असती, तर दोन वर्षांत सातशे तीस झाल्या असत्या. हा हिशेब मी अनेकदा केला आहे. एका ओवीला पाच मिनिटेही लागत नाहीत.

याच ओव्यांच्या बाबतीत दुसऱ्यांनी काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. पुण्यातील हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी आपल्या सहकाऱ्यांसह विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. लाख हा आकडा ऐकून छाती दडपते. परंतु कोणी एकदम लाख ओव्या लिहीत नाही. एक बाई एक ओवी म्हणते, ऐकणारा ती टिपून घेतो आणि पुढची ऐकतो. त्या कामात याहून निराळी जादू नव्हती.

यावर कोणी म्हणेल की, लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात अवघ्या पाच महिन्यांत लिहून काढले. मोठ्या कामाला मोठीच सवड लागते. आक्षेप खरा आहे. पण त्या पाच महिन्यांच्या मागे काय होते? १८७२ साली वडिलांच्या अखेरच्या दुखण्यात टिळक त्यांना गीतेवरील एक प्राकृत टीका वाचून दाखवीत, तेव्हा गीतेशी त्यांचा पहिला परिचय झाला. पुढे ते वाचन आणि मनन अडतीस वर्षे इतर सर्व व्यापांत चालूच राहिले. तुरुंगाने सवड दिली, ती ज्याचे काम आधीच सुरू होते त्याला दिली.

आजीच्या तोंडी एक शब्द नेहमी असे : हातासरशी. अंगणातून येताना हातासरशी वाळलेले कपडे आणावेत, जेवून उठताना हातासरशी आपले ताट उचलावे, दिवा लावताना हातासरशी त्याची काच पुसावी. या शब्दात मोठे शहाणपण आहे, हे मला फार उशिरा उमगले. कामाची खरी अडचण आरंभाची असते. चालू असलेल्या कामाला दुसरे काम जोडून दिले की निराळा आरंभ करावाच लागत नाही. हात आधीच हलता असतो. दप्तरातून वही काढली की, हातासरशी पहिले उदाहरण नुसते उतरवून घ्यावे. ते सोडवण्याची प्रतिज्ञा करू नये. उतरवलेले उदाहरण बहुधा आपणच आपल्याला पुढे ओढते. सर्वच कामे या रीतीने साधतात, असे मात्र मी म्हणणार नाही. दाताच्या डॉक्टरांकडे जाण्यासाठी मला अजूनही ‘उद्या’च सापडतो.

माझ्या आत्याला आजीच्या काही ओव्या येतात. पण ‘सांग’ म्हटले की एकही आठवत नाही. भाजी निवडताना, बोलण्याच्या ओघात, एखादी आपसूक येते. गेल्या आठवड्यात अशीच एक आली. तिचा शेवटचा चरण काही केल्या तिला सापडेना. जाड पुठ्ठ्याची वही कपाटात वरच्या फळीवर होती. ती काढावयास मी उठलो नाही. जवळच किराण्याची यादी पडली होती. तिच्या पाठीमागे, जेवढी आली तेवढी ओवी मी उतरून घेतली. शेवटच्या चरणापुरती जागा सोडली आहे.