धावपट्टीखालची गावे

परप्रांतात बदली होऊन आलेला मराठी अधिकारी बंगालात किंवा ओडिशात पाऊल ठेवताच पहिली चौकशी कशाची करतो, हे आम्ही अनेक वर्षे पाहत आलो आहोत. तो बर्गींची चौकशी करतो. १७४२ पासून सुमारे दहा वर्षे नागपूरकर भोसल्यांच्या घोडदळाने या मुलखात जी धामधूम केली, तिची एखादी खूण कोठे सापडते काय, हे तो उत्साहाने पाहतो. रविवार साधून तो कटकचा बाराबती किल्ला पाहून येतो, आणि १८०३ पर्यंत येथे आपले राज्य होते, असे मुलांना अभिमानाने सांगतो. यात गैर काहीच नाही. परंतु हाच गृहस्थ दर आठवड्यास दौऱ्यावर जाताना जी काँक्रीटची रुंद पट्टी ओलांडतो, जिच्यावर आता धान वाळत पडलेले असते आणि गुरे बसलेली असतात, ती पट्टी येथे कोणी, केव्हा आणि कोणाच्या शेतावर घातली, हा प्रश्न त्याला पडत नाही. पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या टापांचा आवाज ज्याला ऐकू येतो, त्याला ऐंशी वर्षांपूर्वीच्या विमानांचा येऊ नये, हे आश्चर्य नव्हे काय?

यावर ठरावीक उत्तर असे मिळते, की तो विषय विमानांच्या शौकिनांचा आहे; त्यात इतिहास कसला? आमचे भांडण नेमके या उत्तराशी आहे.

मेदिनीपूरचेच उदाहरण घेऊ. २९ सप्टेंबर १९४२ रोजी तमलूक येथे मातंगिनी हाजरा गोळीबारात धारातीर्थी पडल्या. १६ ऑक्टोबरला याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर भीषण चक्रीवादळ आदळले. डिसेंबरात ताम्रलिप्त जातीय सरकार स्थापन झाले. पुढच्या वर्षी दुष्काळाने बंगालची स्मशानभूमी केली. आणि ५ जून १९४४ रोजी खरगपूरच्या आसमंतातील तळांवरून अमेरिकेची ९८ बी-२९ विमाने बँकॉकच्या रेल्वेआगारावर बाँब टाकण्यासाठी उडाली. त्या प्रचंड विमानांची ही पहिलीच युद्धमोहीम होती. तमलूकच्या गोळीबारापासून या दिवसापर्यंत पुरते एकवीस महिनेही लोटले नव्हते! बंड, वादळ, उपासमार आणि जगातले सर्वांत अवजड बाँबफेके विमान ही चारही एकाच टापूत, एकाच पिढीच्या डोळ्यांसमोर येऊन गेली. मग यांतील तीन गोष्टी इतिहासात आणि चौथी मात्र शौकिनांच्या वहीत, ही वाटणी कोणी केली?

याच परिसरातील हिजलीची इमारत पाहा. १६ सप्टेंबर १९३१ रोजी तेथील बंदिशाळेत पोलिसांनी राजबंद्यांवर गोळ्या झाडल्या आणि दोघे तरुण ठार झाले. महायुद्धात तीच इमारत अमेरिकेच्या विसाव्या बाँबर कमांडचे मुख्यालय झाली, आणि १९५१ साली त्याच वास्तूत देशातील पहिल्या तंत्रविज्ञान संस्थेचे वर्ग सुरू झाले. देशभक्त लेखक तिची पहिली कथा सांगतो, विमानांचा शौकीन दुसरी, आणि संस्थेचा अभिमानी तिसरी. तिन्ही कथा एका ग्रंथात, एकाच भूमीच्या कथा म्हणून जो सांगेल, त्याला आम्ही प्रादेशिक इतिहासकार म्हणू.

'ते युद्ध परक्यांचे होते. त्याचा इतिहास परके लिहोत' असाही एक युक्तिवाद ऐकू येतो. विमाने परक्यांची होती, हे खरे. जमीन कोणाची होती? युद्धकाळात बंगालमध्ये धावपट्ट्या आणि छावण्या यांसाठी ३० ते ३६ हजार कुटुंबे, म्हणजे सुमारे दीड लाख ते एक लाख ऐंशी हजार माणसे, जमिनीवरून उठविली गेली, असा इतिहासकार पॉल ग्रीनो यांचा अंदाज आहे. त्यांना पैसे मिळाले. पण ज्या वर्षी तांदूळ सोन्याच्या मोलाने विकला जात होता, त्या वर्षी शेत गेलेल्या माणसाने त्या पैशांचे काय करावे? हे युद्ध आपले नव्हते, असे त्या कुटुंबांना सांगण्याचे धैर्य आमच्यापाशी तरी नाही.

इंग्लंडात या विषयावर पुस्तकांच्या रांगा आहेत. एकेका प्रांतातील विमानतळांची स्वतंत्र पुस्तके तेथे निघाली. ईस्ट अँग्लियावरील मायकेल बोयर यांचे पुस्तक १९७९ साली आले. त्यांच्या चिकाटीला आम्ही प्रणाम करतो. परंतु त्यांचा कित्ता जसाच्या तसा गिरवू नये. तेथे कित्येक धावपट्ट्या युद्धानंतर पुन्हा नांगराखाली गेल्या. म्हणून तेथील लेखकाने 'येथे कोणते स्क्वाड्रन होते?' हा प्रश्न मुख्य मानला तर चालते. आपल्याकडे मुख्य प्रश्न 'येथे कोणाचे शेत होते?' हाच असला पाहिजे. या प्रश्नाचे उत्तर अलाबामातील मॅक्सवेल येथे जपलेल्या अमेरिकन हवाई दलाच्या दप्तरात मिळणार नाही. विमान किती वाजता उडाले, हे तेथे अचूक मिळेल. धावपट्टीखाली गेलेल्या मौजांची नावे मात्र जिल्ह्याच्या कचेरीत, भूसंपादनाच्या नोंदवह्यांत, खतियानांत आणि जुन्या मोजणीच्या नकाशांतच मिळतील.

आणि त्या कचेरीच्या किल्ल्या कोणाच्या हाती आहेत? वाचकहो, तुमच्या आणि आमच्या!

येथे आमचाच एक अपराध कबूल करणे प्राप्त आहे. पस्तीसएक वर्षांपूर्वी पूर्वेकडील एका जिल्ह्यात असताना नष्ट करावयाच्या जुन्या कागदांची यादी आमच्यापुढे सहीसाठी आली. तीत युद्धकाळात भारत संरक्षण नियमांखाली ताब्यात घेतलेल्या जमिनींच्या नोंदवह्यांचा एक गठ्ठा होता. आम्ही तो उघडून पाहिला. गावांची नावे, खातेदारांची नावे, उभ्या पिकाची भरपाई आणि तिच्यापुढे अंगठ्यांचे ठसे! वाळवीने कडा खाल्लेल्या होत्या. मुदत संपलेली होती. आम्ही सही केली. चार महिन्यांनी साठीचा एक शेतकरी कचेरीत आला. तो म्हणाला, "बाबू, वडिलांनी जमीन विकली नव्हती, लढाईपुरती दिली होती. तसा कागद तुमच्या घरात असेल." तो आमच्या कचेरीला 'घर' म्हणाला. शोधून कळवितो, असे आम्ही त्याला सांगितले. शोधण्यासारखे काही उरलेले नव्हते, हे आम्हांला ठाऊक होते. त्याचा दावा खरा होता की खोटा, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. आणि ते सांगता येऊ नये अशी व्यवस्था आमच्या सहीने झाली.

राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ साली काढला. माळ्यावर कुजणारी दप्तरे शोधीत ते गावोगाव हिंडले, ही कथा आपण किती तन्मयतेने सांगतो! आणि आपल्याच टेबलावर आलेले दप्तर आपण रद्दीत घालतो. आमच्या मंडळांतून गणेशोत्सव होतो, नाटके होतात, व्याख्याने होतात. पण ज्या जिल्ह्याचे मीठ तीन-चार वर्षे खाल्ले, त्याच्यावर शंभर पानांचे पुस्तक लिहिणारा अधिकारी शोधून सापडत नाही. मागल्या काळातील गोऱ्या अधिकाऱ्यांनी गॅझेटियरे लिहिली ती राज्य करण्यासाठी, हे मान्य. आपण निदान ऋण फेडण्यासाठी लिहू.

संरक्षणाचा प्रश्न पुढे करणारेही आहेत. कलाईकुंडा आजही हवाई दलाचा तळ आहे. त्याच्या कुंपणाआड आज काय आहे, ते कोणी विचारू नये आणि कोणी लिहू नये. पण युद्धकाळात ते कुंपण घालताना कोणाचे घर आत गेले, हे कोणते गुपित? रीतसर अर्ज करावा, परवानगीने कागद पाहावेत, आणि सेवानिवृत्तीनंतर लिहावे.

मात्र लिहिताना दोन मोह टाळावेत. एक, विमानांच्या मोजमापांत रमून माणसे विसरण्याचा. दुसरा, 'आशियातील सर्वांत लांब धावपट्टी आमचीच' यासारखी स्थानिक बढाई तपासल्यावाचून छापण्याचा. धावपट्टी समक्ष जाऊन पावलांनी मोजावी, मौजेचा नकाशा तिच्यावर ठेवावा आणि गावातील सर्वांत वृद्ध बाईला विचारावे की, विहीर कोठे होती? त्या काळी दहा वर्षांची असलेली पोर आज नव्वदी ओलांडून गेली आहे. तिच्यापाशी आपल्या पुढील बदलीच्या हुकुमाची वाट पाहण्याइतका वेळ नाही.

बर्गींनी या मुलखातून काय नेले, याचा हिशेब बंगाली आया पिढ्यान् पिढ्या पाळण्यापाशी सांगत आल्या आहेत. त्यांच्या वंशजांनी येथे काही ठेवून जावयाचे असेल, तर बुजलेल्या गावांची एक खरी यादी ठेवून जावी.