चौघींचा माळशेज

"गाडी कोण चालवणार?" माळशेजला जायचं ठरलं, तेव्हा डोंबिवलीतल्या आम्हा चौघींच्या घरी हाच प्रश्न. म्हटलं, "मीच!" कल्याण, मुरबाड, टोकावडे करत घाटात पोचलो. धबधब्याच्या कडेला मनसोक्त भिजलो. एवढ्यात पाणी गढूळ झालं, काटक्या वाहून येऊ लागल्या. वर पाऊस वाढून लोंढा येत असल्याची ही खूण. "अजून पाचच मिनिटं गं," एक मैत्रीण म्हणाली. मी तिला ओढतच बाहेर आणलं. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळ अचानक वाढलेल्या पाण्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, ते मी विसरले नव्हते. मैत्रिणींनो, घराबाहेर जरूर पडा. घरच्यांच्या 'नको'ला समजावता येतं; पाण्याचं 'नको' मात्र लगेच ऐकायचं.